सुकाणूचे पिंटल आणि गजन पुन्हा पुन्हा सैल होतात, तुटतात: कारण शोधा, मग पाना हातात घ्या

छोट्या शिडाच्या होडीत हे दुखणं फार ओळखीचं आहे. सुकाणू खडखडायला लागतं, बघावं तर मागच्या फळीवरचा खालचा गजन हलतोय. स्क्रू आवळले की एक-दोन फेऱ्या बऱ्या जातात, मग पुन्हा तेच. पुढच्या खेपेला जाड स्क्रू येतात, त्याच्या पुढच्या खेपेला भोकात एपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून घट्ट होणारा चिकट माल) ओतून त्यातच स्क्रू पिळला जातो. आणि मग एका चांगल्या वाऱ्याच्या दिवशी सगळा जोड फळीतून उपटून निघतो आणि सुकाणू होडीमागे तरंगताना दिसतं.

स्क्रू सैल होणं ही या सगळ्याची शेवटची पायरी आहे. त्याआधी काहीतरी झिजलेलं असतं, वाकडं बसलेलं असतं किंवा आतून कुजलेलं असतं. ते तसंच ठेवून स्क्रू बदलला, तर नवा स्क्रूही त्याच वाटेने जाणार.

नावांचा घोळ नको म्हणून एकदाच सांगतो. खुंटी असलेला भाग तो पिंटल. खुंटी ज्या कड्यात बसते तो गजन. बहुतेक होड्यांत पिंटल सुकाणूवर आणि गजन मागच्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर असतात. काहींत उलट, काहींत वर एक तऱ्हा आणि खाली दुसरी. काम दाराच्या बिजागरीचंच, फक्त हे दार पाण्यात असतं आणि त्यावर सतत आडवा दाब असतो.

आधी बोटाने तपासा

होडी जमिनीवर किंवा ट्रेलरवर पक्की टेकवा. सुकाणू जागेवर लावा, पातं, म्हणजे सुकाणूचा पाण्यात जाणारा भाग, पूर्ण खाली करा. एकाने पात्याचं खालचं टोक धरून डावी-उजवीकडे हलवायचं, जोराने नाही, नेमाने. दुसऱ्याने एक बोट प्रत्येक जोडावर असं आडवं ठेवायचं की अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर. डोळ्याला न दिसणारी हालचालही बोटाला लगेच कळते.

हे जोड क्रमाने तपासा: पातं आणि सुकाणूचं डोकं (पातं ज्यात बसतं तो वरचा भाग), डोकं आणि पिंटलची पट्टी, पिंटलची खुंटी आणि गजनचं कडं, गजन आणि फळी. शेवटी गजनभोवतालच्या फळीवर तळहात ठेवा. फळी स्वतःच आतबाहेर होत असेल, तर पुढची सगळी कहाणी बदलते.

खालच्या टोकाला दोन सेंटिमीटर हालचाल असेल, तर ती बहुधा एकाच जोडातून आलेली नसते. थोडी इथे, थोडी तिथे अशी जमलेली असते. पण सगळ्यात जास्त कुठून येते ते कागदावर लिहून ठेवा, कारण दुरुस्तीची सुरुवात तिथून करायची. ही तपासणी चुकवून थेट पाना हातात घेणारे बरेच जण दिसतात. पुन्हा पुन्हा तक्रार घेऊन येणाऱ्यांत तेच जास्त असतात.

बोट फिरवून झालं की डोळे. स्क्रूच्या डोक्याखालून चहाच्या रंगाचा ओघळ उतरलाय का? गजनच्या कडेने जेलकोटला, म्हणजे फायबरग्लासवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराला, केसासारख्या रेषा पडल्या आहेत का? पट्टी जिथे वाकते त्या कोपऱ्यात आणि खुंटी जिथे पट्टीला जोडली आहे तिथे नखाने खरवडून बघा. नख अडकलं, तर तडा धरा. शंका असेल, तर तडे शोधायचा लाल डाय मिळतो. तो लावायचा, पुसायचा आणि वरून पांढरा डेव्हलपर फवारायचा. तडा असेल, तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते.

एवढासा गजन तुटतो कसा

हे एकदा आकड्यांत पाहिलं की पुढचे सगळे उपाय आपोआप पटतात. समजा पात्याचा पाण्यातला भाग ०.१५ चौरस मीटर आहे आणि होडी ५ नॉट वेगाने चालली आहे. जोरात सुकाणू वळवलं, तर समुद्राच्या पाण्यात पात्यावर सुमारे ५०० न्यूटन, म्हणजे ५० किलोच्या आसपास आडवा दाब येतो. हा दाब पात्याच्या मध्याशी धरू, आणि तो मध्य खालच्या गजनपासून ४० सेंटिमीटर खाली आहे असं मानू. दोन गजनांत अंतर २५ सेंटिमीटर. आता तरफेचा हिशोब करा. खालच्या गजनवर साधारण १३५ किलो आणि वरच्यावर उलट्या दिशेने ८० किलोच्या वर भार पडतो. पात्यावर ५०, पण खालच्या जोडावर त्याच्या अडीचपटीपेक्षा जास्त.

इथेच थांबत नाही. खुंटी फळीला चिकटून नसते, ती तीन-चार सेंटिमीटर मागे असते. त्यामुळे आडवा दाब गजनला नुसता सरकवत नाही, तो त्याला एका बाजूने उचकटतो. चार सेंटिमीटरचा हात आणि गजनच्या दोन कानांमध्ये (कान म्हणजे फळीवर टेकणारी, स्क्रूची भोकं असलेली बाजू) पाच सेंटिमीटर अंतर धरलं, तर एका कानाच्या स्क्रूंवर १०० किलोच्या वर ओढ येते, सरळ बाहेरच्या दिशेने. दिशा बदलली, टॅक घेतला, की तीच ओढ दुसऱ्या कानावर. दिवसभर हे असं आलटून पालटून चालतं. वेग ५ वरून ७ नॉट झाला, तर सगळे आकडे जवळजवळ दुप्पट होतात, कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो.

आता पाच मिलिमीटर जाडीच्या फायबरग्लासमध्ये स्वतः आटे पाडणारा स्क्रू पिळला आहे असं डोळ्यांसमोर आणा. त्याचे जेमतेम अडीच-तीन आटे त्या थरात धरतात. एवढ्या भाराला ते किती दिवस पुरणार?

या हिशोबातून एक मोठी गोष्ट मिळते. दोन गजनांमधलं अंतर २५ ऐवजी ४० सेंटिमीटर केलं, खालचा होता तिथेच ठेवून वरचा वर सरकवला, तर खालच्यावरचा भार १३५ वरून शंभरच्या जवळ येतो आणि वरच्यावरचा ८० वरून ५० वर. एकही स्क्रू जाड न करता. सुकाणूचं डोकं उंच असेल आणि फळीवर जागा असेल, तर जुनी भोकं बुजवून हा बदल जरूर करा. वारंवार तुटणाऱ्या जोडावर इतका स्वस्त आणि इतका परिणामकारक उपाय मला दुसरा माहीत नाही.

फळी आतून कुजली असेल तर

बऱ्याच होड्यांची मागची फळी म्हणजे फायबरग्लासचे दोन पातळ थर आणि मध्ये प्लायवुड किंवा बाल्सा नावाचं हलकं लाकूड. स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरलं की मधलं लाकूड भिजतं, मग मऊ होतं, मग भुसा होतं. बाहेरून सगळं ठणठणीत दिसतं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने गजनपासून दूरच्या भागावर टकटक करा, मग हळूहळू गजनकडे या. टणक, कोरडा आवाज बद्द झाला की तिथपासून ओल सुरू झाली. स्क्रू काढल्यावर भोकातून तपकिरी पाणी आलं किंवा ड्रिलच्या बिटाला काळपट, ओलसर लगदा चिकटला, तर शंकेला जागाच उरत नाही.

ओल भोकाभोवती दोन-तीन सेंटिमीटरपुरतीच असेल, तर काम घरच्या घरी होतं. गजन काढा. भोक १२ मिलिमीटरपर्यंत मोठं करा, पण शक्य असेल तर बाहेरचा थर आणि मधलं लाकूड एवढंच, आतला थर राखून. मग एक खिळा काटकोनात वाकवून ड्रिलमध्ये पकडा आणि भोकात घालून फिरवा. दोन थरांच्या मधलं लाकूड चहूबाजूंनी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर कोरून निघतं. ओला भुसा बाहेर येईल, तो फुंकून, ओढून काढा. कोरडं, टणक लाकूड लागेपर्यंत थांबायचं नाही.

आता वाळू द्या. हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं. भोकं उघडी ठेवून होडी आडोशाला, वारा खेळेल अशी ठेवा. दिव्याची सौम्य ऊब दिली तरी चालेल, पण जेलकोट हाताला चटका बसेल इतका तापवू नका. ओल्या लाकडावर एपॉक्सी धरत नाही, आणि आत कोंडलेली ओल पुढेही लाकूड कुजवतच राहते.

भरताना आधी पातळ, काही न मिसळलेलं एपॉक्सी ब्रशने किंवा सिरिंजने पोकळीत सगळीकडे लावा, म्हणजे लाकडाची टोकं ते पिऊन घेतील. ते चिकट असतानाच कोलॉयडल सिलिका घालून लोण्याइतकं घट्ट केलेलं मिश्रण सिरिंजने भरा, तळापासून वर येत, हवा कोंडू न देता. रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घातला, तर एपॉक्सी कायमचं मऊ राहतं. पोकळी मोठी असेल, तर दोन हप्त्यांत भरा, कारण एका जागी जास्त माल असला की तो स्वतःच्याच उष्णतेने तापतो आणि तडकतो. दोन हप्त्यांच्या मध्ये वर मेणासारखा चिकट थर आलेला असेल, तर साध्या पाण्याने घासून धुवा आणि पॉलिश पेपर मारूनच पुढचा थर द्या.

घट्ट झालं की या नव्या खुंटाच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाडा. आता बोल्ट लाकडाला कुठेच शिवत नाही. पुढे कधी सीलंट सुटलं आणि पाणी आत आलं, तरी ते लाकडापर्यंत पोहोचणार नाही. या कामाची खरी कमाई ती आहे.

ओल तळहाताच्या मापाहून मोठी असेल, तर भोकं कोरून भागत नाही. आतल्या बाजूने थर कापायचा, सडलेलं लाकूड काढायचं, नवं मरीन प्लाय एपॉक्सीत बसवायचं, आणि वरून काचेचं कापड चढवायचं, कडा थराच्या जाडीच्या बारापट लांब उतरत्या घासून. आतून करायचं कारण इतकंच की बाहेरचा जेलकोट शाबूत राहतो. हात बसलेला नसेल, तर हे काम जाणकाराकडे द्यावं.

होडी पॉलिथिलीनची, साच्यात ओतलेली असेल, तर वरचं काहीच लागू नाही. त्या प्लास्टिकला एपॉक्सी धरत नाही. तिथे आरपार बोल्ट आणि आतून रुंद पट्टी, एवढा एकच मार्ग.

स्क्रू नको, आरपार बोल्ट हवा

गजनसाठी स्क्रू चालतो का, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर नेहमी नाही असंच असतं. घट्ट, जाड लाकडी फळी असेल, तर गोष्ट वेगळी. फायबरग्लासच्या फळीला आरपार बोल्ट, आतून पाठपट्टी, वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज सैल न होणारा नट). छोट्या होडीला ६ मिलिमीटरचा बोल्ट पुरतो. पाठपट्टी ६ मिलिमीटर जाड जी-१० फायबरग्लासची उत्तम. ती कुजत नाही आणि गंजत नाही. नसेल तर १२ मिलिमीटर मरीन प्लाय, पण सगळ्या कडा आणि भोकं एपॉक्सीने बंद करून. पट्टी गजनपेक्षा चहूबाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर मोठी असावी आणि तिचे कोपरे गोल असावेत, नाहीतर कोपऱ्याशी फळीला तडा जातो.

अडचण येते ती आत हात जात नाही म्हणून. फळीच्या मागे हवेची बंद टाकी असते, आणि म्हणूनच कारखान्यात स्क्रू मारून मोकळे झालेले असतात. तिथे आटेवाल्या झाकणाचा गोल इन्स्पेक्शन पोर्ट बसवा. कापायच्या आधी आपला हात आतून बोल्टपर्यंत पोहोचेल का, दोन बोटांत नट धरून फिरवता येईल का, हे बाहेरून मापून घ्या. पोर्टचं झाकण जलरोधक हवं आणि दर वेळी त्याचं रबर पुसून लावायला हवं, कारण ती टाकी उलटलेल्या होडीला तरंगत ठेवते. आत फोम भरलेला असेल, तर लागेल तेवढाच ठोकळा सुरीने कापून काढा आणि काम झालं की परत बसवा.

बोल्ट बसवण्याची एक रीत आहे. बाहेरच्या बाजूने भोकाच्या तोंडाला काउंटरसिंक बिटने हलकी खोलगट कड द्या. तिथे सीलंटचं एक जाडसर कडं तयार होतं, आणि पाणी अडवण्याचं काम मुख्यतः तेच करतं. सीलंट बोल्टच्या डोक्याखाली, दांड्यावर आणि गजनच्या पाठीवर लावा. मग बाहेर डोकं स्क्रू ड्रायव्हरने घट्ट धरून ठेवा आणि आतून फक्त नट फिरवा. डोकं फिरलं की ओलं सीलंट फाटतं. नट बसल्यावर बोल्टचे दोन आटे तरी बाहेर दिसायला हवेत.

स्टेनलेसचे नट मशीनने भरभर फिरवू नका. स्टेनलेसवर स्टेनलेस घासून तापलं की आटे एकमेकांत जाम होतात, मग तो बोल्ट कापण्यावाचून गत्यंतर नाही. वंगणाचा एक थेंब आणि हाताचा पाना, बस.

सीलंट कोणतं? पॉलिसल्फाइड किंवा पुढे सुटू शकणारं पॉलियुरेथेन. ३एम ५२०० सारखं कायमचं चिकटणारं इथे नको, कारण हा जोड पुन्हा कधीतरी उघडावा लागणारच आणि तेव्हा जेलकोटचे टवके निघतील. ब्यूटाइल टेपही छान चालते. सिलिकॉन टाळा. त्याचा अंश राहिलेल्या जागी पुढे ना रंग धरत, ना एपॉक्सी.

दोन्ही कडी एका रेषेत

नवे गजन बसवले, उत्तम बोल्ट लावले, तरी एका मोसमात पुन्हा सैल झाले. असं झालं, की सरळ रेषा तपासा. दोन्ही गजनांच्या कड्यांचा अक्ष एकच नसेल, तर सुकाणू प्रत्येक वळणाला त्यांना पिळत राहतं. पाणी, वारा काही नसतानाही.

पिंटलच्या खुंटीच्या जाडीचा एक सरळ सळ घ्या, दोन्ही गजनांमधून जाईल इतका लांब. गजन फळीवर हलके टेकवा, सळ दोन्हीतून घाला आणि तो बोटाने सहज फिरतो आणि वरखाली सरकतो का बघा. सळ होडीच्या मध्यरेषेत आणि सरळ उभा दिसायला हवा, त्यासाठी मागून लांब उभं राहून डोलकाठीशी जुळवून पाहा. सळ आत असतानाच भोकांच्या खुणा करा. फळीला बाक असेल आणि गजनचा एक कान उचललेला राहत असेल, तर बोल्ट आवळून तो खाली ओढू नका. तसं केलं की गजन पिळला जातो आणि अक्ष पुन्हा चुकतो. त्या फटीत जी-१० ची पाचर घासून बसवा किंवा घट्ट एपॉक्सीचा थर द्या. त्यासाठी गजनच्या पाठीला मेण लावून ठेवा, म्हणजे तो पुढे सुटेल.

सुकाणूवरच्या दोन खुंट्यांनाही हाच न्याय. त्यांचा अक्ष लांब पट्टी धरून तपासा. खालची खुंटी वरचीपेक्षा थोडी लांब असेल, तर पाण्यात सुकाणू चढवणं फार सोपं जातं. आधी खालची सापडते, मग वरची. दोन्ही सारख्या असतील, तर वरचीचं टोक थोडं कापायला हरकत नाही.

झिजलेली खुंटी, ढिलं कडं

खुंटीची झीज व्हर्नियरने मोजा, पण एकाच दिशेने नाही. आडव्या दिशेने एकदा आणि पुढून-मागे एकदा. खुंटी गोल राहिलेली नसते. दहा मिलिमीटरची खुंटी आडव्या मापात साडेनऊ निघाली, तर तिथे सुकाणूला ठोके बसतायत आणि प्रत्येक ठोका बोल्टपर्यंत पोहोचतोय.

कडं मोठं झालं असेल पण धातू शाबूत असेल, तर ते ड्रिलने थोडं मोठं करून त्यात प्लास्टिकचं बुश दाबून बसवता येतं. बुश नायलॉनचं घेऊ नका. नायलॉन पाणी पिऊन फुगतं आणि कोरड्यात छान बसलेलं सुकाणू पाण्यात जड होतं. अॅसिटल घ्या, डेलरिन या नावाने मिळतं. ते पाण्यात जवळजवळ बदलत नाही.

ही झीज मोठ्या प्रमाणावर होते ती होडी नांगरावर उभी असताना. सुकाणू लावलेलंच ठेवून होडी रात्रंदिवस लाटांवर डुलते आणि प्रत्येक लाटेला खुंटी कड्यात एकदा इकडे, एकदा तिकडे आपटते. शिडावर काढलेल्या तासांपेक्षा हे तास कितीतरी जास्त असतात. उभ्या होडीचं सुकाणू काढून आत ठेवा. जमत नसेल तर टिलर, म्हणजे सुकाणू वळवायचा दांडा, दोन्ही बाजूंनी ताणून बांधा. आणि ट्रेलरवर, रस्त्याने नेताना, सुकाणू लटकतं ठेवणं तर अजिबात नको.

धातूच तुटत असेल

पट्टी किंवा खुंटी मोडली असेल, तर मोडलेल्या कडेकडे नीट बघा. पूर्ण कड चकचकीत आणि ताजी असेल, तर एका धक्क्याने मोडलं आहे, बहुधा तळ लागला असेल. कडेचा एक भाग काळपट, जुना आणि उरलेला ताजा असेल, तर तडा कितीतरी आधीपासून वाढत होता. अशा वेळी दुसरा जोडही संशयित धरा, दोन्ही एकदम बदला.

स्टेनलेस गंजत नाही हा समज इथे फार महागात पडतो. स्टेनलेसवरचा संरक्षक पापुद्रा टिकायला ऑक्सिजन लागतो. बोल्टचा मधला भाग ओल्या, बंद भोकात असतो, तिथे ऑक्सिजन संपतो आणि मिठाचं पाणी साठून राहतं. मग बाहेर डोकं आरशासारखं आणि आत दांडा पोखरून अर्धा झालेला. म्हणून जुना बोल्ट बाहेरून बघून परत वापरायचा नाही. काढलाच आहे, तर नवाच घाला, ३१६ दर्जाचा. त्यात मॉलिब्डेनम असल्याने खाऱ्या पाण्यात तो ३०४ पेक्षा पुष्कळ जास्त टिकतो. बोल्टच्या डोक्यावर ए४ असा छाप असतो तो ३१६ च्या वर्गातला, ए२ म्हणजे ३०४ च्या.

पितळी स्क्रू खाऱ्या पाण्यात घालू नका. त्यातलं जस्त निघून जातं, उरतो तो गुलाबी, ठिसूळ तांब्याचा सांगाडा. सिलिकॉन ब्राँझ चालतं. सुकाणूचं डोकं अॅल्युमिनियमचं असेल, तर स्टेनलेस बोल्ट आणि अॅल्युमिनियम यांच्यामध्ये ड्युरालॅक किंवा टेफ-जेल, म्हणजे दोन धातूंना वेगळं ठेवणारा लेप, हवाच. नाहीतर भोकाभोवती पांढरी भुकटी साठते आणि अॅल्युमिनियम फुगून फाटतं.

बदली भाग घेताना जुना भाग हातात ठेवून पाच मापं लिहा: खुंटीची जाडी, खुंटीची लांबी, पट्टीच्या दोन पायांतलं अंतर म्हणजे सुकाणूच्या डोक्याची जाडी, भोकांची जागा, आणि खुंटीच्या मध्यापासून फळीपर्यंतचं अंतर. शेवटचं माप विसरलं जातं. वरच्या आणि खालच्या भागात ते वेगवेगळं निघालं, तर अक्ष तिरपा होतो.

तसा भाग बाजारात नसेल तर बनवून घ्या. ३१६एल ची पट्टी आणि त्याच धातूचा सळ, टिग वेल्डिंगने. एल म्हणजे कार्बन कमी, त्यामुळे वेल्डजवळ गंज कमी धरतो. खुंटी पट्टीवर नुसती टेकवून वेल्ड करू देऊ नका. पट्टीला भोक पाडून खुंटी आरपार घालायची आणि वर-खाली दोन्हीकडून वेल्ड करायची. तडा नेमका त्या मुळाशी जातो. वेल्डभोवतीचा निळा-तपकिरी रंग पिकलिंग पेस्टने पूर्ण काढून घ्या, तो राहिला तर गंज तिथूनच सुरू होईल.

पातं अर्धवट वर राहिलं तर

वर उचलता येणारं पातं असलेल्या सुकाणूत एक वेगळीच तक्रार येते. जोड सगळे नीट, तरी टिलर हाताला ओढतो आणि डोक्याच्या दोन फळ्या फाकतात. कारण बहुधा पातं पूर्ण खाली नसतं. पातं सरळ खाली असताना दाबाचा मध्य अक्षाच्या जेमतेम पाच सेंटिमीटर मागे असतो. पातं तिरपं मागे गेलं आणि तो मध्य तीस सेंटिमीटर मागे सरकला, तर त्याच ५०० न्यूटनला ८० सेंटिमीटरच्या टिलरवर तीन किलोऐवजी एकोणीस किलो जोर लावावा लागतो. तो सगळा मार पिव्हट बोल्ट (ज्याभोवती पातं वरखाली फिरतं तो), डोक्याच्या फळ्या आणि टिलरच्या बुंध्यावर.

खाली ओढणारी दोरी न ताणणारी, डायनीमाची हवी. तिच्यासाठी ठरावीक जोरावर आपोआप सुटणारी क्लीट, म्हणजे दोरी पकडून ठेवणारी खाच, मिळते, ती लावा, म्हणजे तळ लागला तर पातं वर उडेल आणि गजन वाचेल. पिव्हट बोल्टला नायलॉक नट आणि पात्याच्या दोन्ही बाजूंना पातळ प्लास्टिकचे वॉशर, इतके घट्ट की पातं हाताने हलेल पण स्वतःहून पडणार नाही. टिलर तरीही जड असेल, तर होडी फार कलंडवून चालवताय का आणि मुख्य शीड फार आवळलंय का ते बघा. सुकाणूला रोज मारावं लागणारं वळण जितकं कमी, तितका जोड जास्त टिकतो.

आणखी एक छोटी गोष्ट, पण ती नसेल तर बाकी सगळं वाया. सुकाणू वर सरकून निसटू नये म्हणून स्प्रिंगची पट्टी किंवा खुंटीला आडवी पिन हवी. लाकडी किंवा फोमचं सुकाणू तरंगतं. होडी उलटली की ते कड्यांतून आपसूक बाहेर येतं. वरून एक बारीक दोरीही फळीला बांधून ठेवा.

पाण्यातच मोडलं तर

आधी मुख्य शीड उतरवा किंवा पूर्ण सैल सोडा आणि सुकाणू आत ओढून घ्या. अर्धवट लटकतं सुकाणू उरलेला गजनही उपटतं. वारा होडीला ज्या किनाऱ्याकडे ढकलतोय तो जवळ असेल आणि खोली असेल, तर लगेच नांगर टाका, मग विचार करा.

एकच जोड तुटला असेल, तर दोरीने सुकाणूचं डोकं फळीवरच्या पक्क्या कड्यांना दोन्ही बाजूंनी आवळून बांधता येतं, फक्त पुढचं शीड ठेवून सावकाश परतता येतं. दोन्ही तुटले असतील, तर वल्हं मागच्या कडेवर दोरीच्या फासात अडकवून सुकाणूसारखं वापरा. शिडांनीही दिशा मिळते. पुढचं शीड आवळून मागचं सोडलं की होडीचं तोंड वाऱ्यापासून दूर जातं, मागचं आवळून पुढचं सोडलं की वाऱ्याकडे. छोट्या होडीत वजनही मोठं काम करतं. वारा येतो त्याच्या उलट बाजूला बसून तिकडे कलवली, की ती वाऱ्याकडे वळते. वाऱ्याच्या बाजूला कलवली, की वाऱ्यापासून दूर. एखाद्या शांत दिवशी सुकाणू वर उचलून हे करून पाहा, हाताला सवय होते.

दुरुस्ती झाल्यावरची पहिली फेरी हलक्या वाऱ्यात काढा. निघण्यापूर्वी प्रत्येक नटावर आणि शेजारच्या वॉशरवर मिळून पक्क्या शाईने एक सरळ रेघ मारून ठेवा. परत आल्यावर पोर्ट उघडून त्या रेघा बघा. जी तुटलेली दिसेल, तो नट फिरलाय. मग तो नुसता आवळू नका. बोटाची तपासणी पुन्हा पहिल्या जोडापासून सुरू करा.